सावलीचा मुकादम

हजेरीबाबू म्हणून मी रस्त्याच्या कामावर रुजू झालो, त्या दिवशी उकंडाजी मुकादमांनी मला विचारलेला पहिला प्रश्न असा होता : "बाबू, सकाळपासून लघवीले किती खेपा गेलते?"

मी यवतमाळहून सकाळच्या मोटारीनं पांढरकवड्याला उतरलो होतो आणि तिथून बैलगाडीनं सात मैल आत आलो होतो. अंगात इस्त्रीचा सदरा, खिशाला पेन, बगलेत हजेरीपटाचं कोरं बाड. मुकादम नमस्कार करील, नाव-गाव विचारील, असं मला वाटलं होतं. समोर साठ-पासष्ट माणसं घमेली घेऊन उभी होती. त्यांत निम्म्याहून जास्त बाया.

"एकदा," मी कसंबसं म्हणालो.

"रंग कसा होता?"

बाया पदरात तोंड घालून हसायला लागल्या. उकंडाजी हसले नाहीत. "हासू नका वो बायाहो," ते म्हणाले. "शिकेल माणूस हाये. त्याले शाळेत हे कोणी शिकवलं नसंन." मग त्यांनी मला पळसाखाली नेलं, मडक्याकडे बोट दाखवलं आणि मी तीन गिलास पाणी पिईपर्यंत समोरून हलले नाहीत. त्यानंतर म्हणाले, "आता सांगा तुमचं नाव."

साल अठ्ठावन्न, एप्रिलचा शेवट. पांढरकवड्याच्या बाजूनं जंगलाकडे जाणारा तो चौदा मैलांचा रस्ता तेव्हा निव्वळ गाडीवाट होता. त्यावर गिट्टी अंथरून, पाणी मारून, रूळ फिरवून पावसाच्या आत तो पक्का करायचा होता. गँगमध्ये तांड्यावरचे बंजारी होते, आसपासचे कुणबी होते, आणि दीड वर्षापूर्वी नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेली उकंडाजींच्या वस्तीतली दहा-बारा घरं होती. उकंडाजी त्यांच्यातलेच. पन्नाशीचा माणूस. उंच, वाळलेला, डोक्यावर कायम ओला दुपट्टा आणि अंगात पलटणीतून आणलेली खाकी अर्धी चड्डी. तिला इतकी ठिगळं होती की मूळ कापड कोणतं हे सांगणं अवघड होतं.

पलटण म्हणजे मजुरांची. लढाईच्या दिवसांत ते इराकात बसऱ्याला गेले होते. बंदूक त्यांनी कधी हातात धरली नाही. गोदीवर उतरलेली पोती वाहायची, एवढंच काम. त्याबद्दल ते फार बोलत नसत. एकदाच बोलले, तेही मी खोदून विचारलं म्हणून.

"पह्यल्या मयन्यात आमच्या टोळीतले अकरा गेले," ते म्हणाले. "गोळी एकालेबी लागली नाई."

"मग?"

"उनानं. आमी म्हनो, आमी वऱ्हाडचे, आमाले कायचं ऊन! मंग एक डाक्तर आला. गोरा होता, दारू पेऊन राहे, पन मानूस हुशार. त्यानं आमाले रांगेत उभं केलं, मीठ चाटवलं आन् पाणी पाजलं. नव्या मानसाले सात दिवस अर्धंच काम. आन् रोज विचारे, मुतला का, रंग कसा. आमी त्याले हासो. त्यानंतर तिघंच गेले."

त्या डॉक्टरानं सांगितलेलं सगळं उकंडाजी इथं चालवत होते. नवा माणूस आला की आठवडाभर त्याला अकरालाच त्या दिवसापुरता मोकळा करायचे, मग तो कितीही धट्टाकट्टा असो. काम सूर्य उगवायच्या आधी सुरू व्हायचं. घड्याळ त्यांच्याकडे नव्हतं. हातोड्याचा दांडा जमिनीत रोवून त्याची सावली ते बोटांनी मोजत. सावली चार बोटांवर आली की दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडत, "सावली धरा रेऽऽ!" गिट्टीचे आवाज एकदम थांबत. मग चार वाजेपर्यंत कोणी हातोडीला हात लावायचा नाही. चारनंतर अंधार पडेपर्यंत पुन्हा काम. दिवसाचे तास ओव्हरसियरच्या कागदाप्रमाणे पुरे भरत, फक्त मधोमध एक मोठं भोक असायचं.

काम चालू असताना ते स्वतः गिट्टी फोडत नसत. रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत असत. चालता चालता एखाद्याच्या मानेला मागून उलटा हात लावत. मान ओली असली तर काही न बोलता पुढे जात. कोरडी लागली की तो माणूस सावलीत. कधी एखाद्याला उभं करून विचारत, "तुह्या लहान्या पोराचं नाव काय?" तो चिडून नाव सांगे. चिडला म्हणजे ठीक आहे, असा त्यांचा हिशोब. "जो इचार करासाठी थांबला," ते मला म्हणाले होते, "त्याले मी बसवतो."

बायांचा एक किस्सा मला नेहमी आठवतो. कामाची जागा पुढे सरकली की उकंडाजी सगळ्यात आधी दूर झुडपांच्या आड पळसाच्या फांद्यांचा कुडाचा आडोसा उभारायला लावत. दोन माणसं त्यात अर्धा दिवस घालवत. आमचे ओव्हरसियर एकदा त्यावरून बोलले, "उकंडा, सरकारी कामावर हे काय झोपड्या बांधून राह्यलास?"

"सायेब, बाया पाणी काहून पेत नाईत, मालूम हाये तुमाले?"

"तहान नसेल."

"तहान लय हाये. जाले जागा नाई. म्हून सकाळपासून पेतच नाईत. आन् दुपारी पडतात." मग म्हणाले, "माह्या घरचीनं सांगतलं. मले तरी कुठी मालूम होतं!"

ओव्हरसियर छत्री उघडून पुढे गेले. आडोसा तसाच राहिला. ते माणूस वाईट नव्हते. अकोल्याकडचे होते, पोटाच्या दुखण्यानं बेजार असायचे आणि संध्याकाळी खुर्ची टाकून एकटेच बसायचे.

पाण्याचा प्रश्न मात्र आडोशाइतका सोपा नव्हता. कामावर मडक्यांच्या तीन जागा होत्या. एक तांड्याची, एक कुणब्यांची, एक उकंडाजींच्या माणसांची. ही व्यवस्था खुद्द उकंडाजींनीच लावली होती, याचं मला आश्चर्य वाटायचं. धर्म बदलून आलेला माणूस, घरात बाबासाहेबांचा फोटो, रविवारी वस्तीत वंदना घेणारा. मी एकदा म्हणालोही, "उकंडाजी, तुम्हीच असं वेगळं ठेवलंत?"

ते दुपट्टा पिळत होते. "एकच मडकं ठेवलं असतं तं अर्धे लोक दिवसभर तहानेले राह्यले असते," ते म्हणाले. "ते भांडन मी वस्तीत भांडतो, पंचायतीत भांडतो. उनात नाई भांडत."

त्याच आठवड्यात गोमाजी पडला. गोमाजी म्हणजे साठीचा कुणबी, गँगमधला सगळ्यांत सोवळा माणूस. हातोडी हातातून सुटली आणि तो बसल्या जागी कलंडला. उकंडाजी धावले. जवळ होतं ते त्यांच्याच वस्तीचं मडकं. त्यांनी ते उचललं आणि गोमाजीच्या डोक्यावर, छातीवर, काखेत सगळं ओतलं; घाईत मडकं हातातून सुटून फुटलं. त्याच्या अंगरख्याची बटणं तोडली, दोन बायांना पदरानं वारा घालायला लावलं. पंधरा-वीस मिनिटांनी गोमाजीनं डोळे उघडले. ओल्या अंगाकडे पाहिलं, फुटक्या मडक्याकडे पाहिलं.

"पाणी कोनाचं होतं?" त्यानं विचारलं.

"तुह्या आंगावर होतं, पोटात नाई गेलं," उकंडाजी म्हणाले. "आता पे. तुमच्यातलं आनलं हाये."

गोमाजी पाणी प्याला. दुसऱ्या दिवशी तो कामावर आला तेव्हा त्यानं उकंडाजींना रामराम केला नाही, पण एक नवं मडकं आणून जुन्याच्या जागी ठेवलं.

असं सांगत गेलो तर हा माणूस देवमाणूस वाटेल. तसे ते नव्हते. त्यांचा राग मोठा विचित्र होता. ते ओरडत नसत, रुसत. एकदा मी घाईत "ए मुकादम" अशी हाक मारली. चार दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. हजेरी सांगायला यायचे ते झाडाकडे पाहून नावं सांगायचे. पाचव्या दिवशी आंबिलीचा गिलास माझ्यापुढे आणून ठेवला, तेव्हा मला कळलं की राग गेला. त्यांची बायको म्हणायची, घरात रुसले की ते दोन-दोन दिवस जेवत नाहीत, आणि कोणी समजूत काढलेली त्यांना चालत नाही. आपोआप उतरेल तेव्हा उतरेल.

मे महिन्यात यवतमाळहून रूळ आला. वाफेवर चालणारं ते अवजड इंजिन तीन दिवस रस्त्यानं धापा टाकत आमच्यापर्यंत पोचलं. ते आम्हाला दहाच दिवस मिळणार होतं. त्यानंतर दुसऱ्या रस्त्यावर जायचं होतं, आणि पाऊस लागला की सगळंच संपलं. रूळ सकाळी तापायला वेळ घ्यायचा. आठ वाजता सुरू व्हायचा आणि दिवसभर चालायचा. त्याच्यापुढे सतत गिट्टी पडायला हवी होती आणि गिट्टीवर सतत पाणी. उकंडाजींची दुपार त्याच्या आड येत होती.

ओव्हरसियरांनी दोन दिवस पाहिलं. तिसऱ्या दिवशी दुपारी रूळ उभा, गँग झाडांखाली. ते छत्री घेऊन उकंडाजींकडे आले. मी मागे होतो.

"उद्यापासून दुपारची सुट्टी एक तास," ते म्हणाले. "बारा ते एक."

"जमत नाई सायेब."

"जमत नाही म्हणजे? मला वरून चिठ्ठी आली आहे. इंजिन बसून आहे."

"इंजिनाले बसू द्या. त्याले काई होत नाई."

"उकंडा, दहाच दिवसांचा प्रश्न आहे."

"दोन दिवसात मानूस मरते सायेब. मी पाह्यलं हाये. तुमी पाच वाजता इंजिन पेटवा, अकरा वाजेतो आमी गिट्टी कमी नाई पडू देनार. पुन्हा चार वाजता सुरू करा."

"ड्रायव्हर पाचला येत नाही. तो माझ्या हाताखालचा नाही." ओव्हरसियरांचा आवाज वाढला होता, पण मला त्यात राग कमी आणि थकवा जास्त वाटला. "तू करणार आहेस की नाही?"

"मी नाई करनार."

त्या संध्याकाळी ओव्हरसियरांनी मला हजेरीपट आणायला सांगितला. उकंडाजींच्या नावापुढचा 'मुकादम' हा शब्द मी लाल शाईनं खोडला आणि वर 'मजूर' लिहिलं. दुसऱ्या एका माणसाला मुकादम केलं. ओव्हरसियर म्हणाले, "काढून टाकत नाही त्याला. रुळाचं काम संपलं की पुन्हा ठेवू." माझं अक्षर चांगलं होतं, त्यामुळे खाडाखोडसुद्धा स्वच्छ दिसत होती.

दुसऱ्या दिवशी उकंडाजी कामावर आले. कोणाशी बोलले नाहीत. हातोडी घेतली आणि रस्त्यापासून थोडं दूर, एका बोरीखाली, गिट्टी फोडणाऱ्यांत जाऊन बसले. पाठ रस्त्याकडे. माझ्याकडेही पाहिलं नाही.

धनसिंग त्याच्या आदल्याच दिवशी कामावर आला होता. तांड्यावरचा, चोवीस-पंचवीस वर्षांचा, कुस्ती खेळणारा. लग्नासाठी दीड महिना घरी होता. उकंडाजी मुकादम असते तर त्याला आठवडाभर अर्धंच काम मिळालं असतं. पहिल्या दिवशी त्यांनी त्याला अकरानंतर बसवूनही ठेवलं होतं, आणि त्यावरून तो हुज्जत घालत होता. "मी काय बाई हाव का?" असं तो म्हणाला होता, आणि बायांनी त्याची चांगलीच खरडपट्टी काढली होती. आता तसं बसवणारं कोणी नव्हतं. रुळापुढे गिट्टीची घमेली टाकायचं सगळ्यांत जड काम त्यानं मागून घेतलं.

दोन दिवस काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी पाण्याची गाडी उशिरा आली. नाल्यातला डोह आटला होता, गाडीवान दूरच्या विहिरीवर गेला होता. बाराच्या सुमारास तो एकच पिंप घेऊन आला, आणि ते पिंप रुळाला गेलं. इंजिन कोरडं पडलं तर फुटेल, असं ड्रायव्हर म्हणाला. ते खरंच होतं. तिन्ही मडकी तोपर्यंत रिकामी झाली होती. गाडी दुसऱ्या खेपेला गेली.

एक वाजता सुट्टी संपली आणि लोक उठले. मी तंबूत हजेरी लिहीत होतो. मला एवढंच आठवतं की बाहेर कोणीतरी हसत होतं. मोठमोठ्यानं, मधेच थांबून, पुन्हा. मला वाटलं, ही पोरं काहीतरी थट्टा करताहेत. मी मान वर केली नाही. मग एक बाई किंचाळली.

धनसिंग रस्त्याच्या कडेला पडला होता. हात-पाय झटकत होता. मी पोचलो तेव्हा उकंडाजी आधीच तिथं होते. त्यांनी त्याच्या मानेखाली हात घातला होता आणि "पाणी, पाणी" असं ओरडत होते. मडक्यांत पाणी नव्हतं. ड्रायव्हरनं इंजिनच्या टाकीतून बादली भरून दिली. ते पाणी इतकं गरम होतं की उकंडाजींनी बादलीत हात घातला आणि ती तशीच बाजूला ठेवली. मग त्यांनी डोक्यावरचा ओला दुपट्टा काढला आणि धनसिंगच्या छातीवर पसरला. दुपट्टा बघता बघता वाळला.

आम्ही त्याला बैलगाडीत घातलं. गाडीत मी होतो, उकंडाजी होते, धनसिंगची बायको होती. तिचं लग्न होऊन महिनाही झाला नव्हता. मी छत्री धरली होती. पांढरकवड्याचा दवाखाना सात मैल. दोन मैल गेल्यावर पाण्याची गाडी समोरून येताना भेटली. आम्ही पिंप उघडून त्याला भिजवलं. पाणी गाडीच्या फळ्यांमधून खाली गळत होतं. चौथ्या मैलाच्या आसपास उकंडाजींनी त्याच्या मानेला हात लावला, आणि लावूनच ठेवला. नंतर गाडीवानाला म्हणाले, "आता बैल पळवू नको." एवढंच बोलले. आम्ही हळूहळू गावात आलो.

आठ दिवसांनी यवतमाळहून मोठे साहेब जीपमधून चौकशीला आले. पांढरकवड्याच्या डाकबंगल्यात ते बसले. वाळ्याच्या ताट्यांवर एक माणूस बाहेरून बादलीनं पाणी मारत होता. आत गारवा होता, वास छान येत होता. जबाब उतरवून घ्यायला मला बसवलं होतं, माझं अक्षर चांगलं म्हणून.

ओव्हरसियरांचा जबाब झाला, ड्रायव्हरचा झाला. मग उकंडाजी आले आणि उभे राहिले. साहेबांनी विचारलं, "तू कुठं होतास?"

"बोरीखाली होतो. गिट्टी फोडून राह्यलो होतो."

"तुला काय दिसलं?"

"हासनं आयकू आलं," उकंडाजी म्हणाले. "मी मागं वळून पाह्यलं. त्याचे पाय धड पडत नवते. आंग कोरडं होतं, दुरूनबी दिसे. मले समजलं का हे काय हाये."

"मग काय केलंस?"

"काई नाई केलं."

साहेबांनी मान वर केली. "काही नाही?"

"मी पुन्हा पाठ केली. दोन घमेले गिट्टी फोडली. मंग बाई ओरडली, तवा उठलो."

"का उठला नाहीस?"

"मले राग होता सायेब. मी म्हनलं, आता मी मुकादम नाई. ज्याले मुकादम केलं त्यानं पाहावं." मग ते पुढे बोलायला लागले, दुपारची सुट्टी कोणी बंद केली, नव्या माणसाला अर्धं काम का द्यायचं, पिंप कुठं गेलं. साहेबांनी हात वर केला.

"तेवढं विचारलं नाही. बाबू, त्यानं पाहिलं आणि उठला नाही, हे लिहा."

मी लिहिलं. तेवढंच लिहिलं. माझी पेन थांबली असेल, नसेल. मला त्या वेळी काही वाटल्याचं आठवत नाही. ताट्यांवर पाणी पडल्याचा आवाज आठवतो. लिहून झाल्यावर मी नियमाप्रमाणे जबाब मोठ्यानं वाचून दाखवला.

"बरोबर हाये," उकंडाजी म्हणाले. "पन अर्धंच हाये."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पेन पुढे केली. पलटणीत ते सही शिकले होते. त्यांनी सही केली.

अहवालात मृत्यूचं कारण 'मिरगीचा झटका' असं लिहिलं गेलं आणि सोबतच्या मजुराच्या हयगयीमुळे वेळीच मदत मिळाली नाही, असा शेरा आला. उकंडाजींना कामावरून कमी केलं. दुसऱ्या कोणाला काही झालं नाही. रूळ आमच्याकडे ठरल्यापेक्षा आठवडाभर जास्त राहिला, त्याबद्दलही कोणाला काही झालं नाही. ओव्हरसियरांनी लेखी हुकूम न काढता दुपारची सुट्टी पुन्हा चार वाजेपर्यंत केली. रस्ता पावसाच्या आत पुरा झाला.

जायच्या आधी उकंडाजी धनसिंगच्या तांड्यावर गेले होते. मला हे त्यांच्या बायकोनं सांगितलं. ती सोबत गेली होती. तांड्यावर त्यांनी धनसिंगच्या बापापुढे बसून साहेबांना सांगितलं तेच सगळं पुन्हा सांगितलं. मला राग होता, मी दोन घमेले गिट्टी फोडली, हेही. म्हातारा ऐकत राहिला. ती घाबरली होती, हे लोक आता मारतात की काय, असं तिला वाटलं. शेवटी म्हाताऱ्यानं एकच विचारलं, "पानी पेला का तो?"

"नाई," उकंडाजी म्हणाले.

म्हातारा उठून आत गेला. हे दोघं बराच वेळ तसेच बसून राहिले. कोणी त्यांना हाकललं नाही, कोणी बसा म्हणालं नाही. मग ते उठून आले.

त्यानंतर ते कुठं गेले ते मला कळलं नाही. मी यवतमाळच्या कचेरीत आलो, लग्न झालं, बढती मिळाली. मधल्या काळात मी त्यांच्यासाठी एक वाक्य तयार करून ठेवलं होतं. भेटले तर म्हणायचं, 'उकंडाजी, उरलेलं अर्धं मी लिहायला पाहिजे होतं.' कधी कधी त्या वाक्यात थोडा फरक करायचो. कधी वाटायचं, नुसतं 'चुकलं' म्हणावं.

पासष्ट सालच्या मे महिन्यात मी कचेरीच्या कामानं महागावकडे निघालो होतो. दुपारी दीडच्या सुमारास एस.टी. तापून उभी राहिली. कंडक्टर डबा घेऊन पाणी शोधायला निघाला. रस्त्याच्या खालच्या अंगाला एका तलावाची खोदाई चाललेली दिसली. मी त्याच्यासोबत उतरलो.

काम बंद होतं. टिकाव-फावडी ओळीनं मांडून ठेवलेली. बांधाच्या कडेनं मोहाची चार-पाच झाडं होती आणि त्यांच्याखाली चाळीसेक माणसं झोपली होती. सगळीकडे सामसूम. एक म्हातारी बाई तेवढी जागी होती. ती पत्रावळ टोचत बसली होती. तिनं कंडक्टरला पाण्याचं पिंप दाखवलं. मी तिला विचारलं, "काम कोणाचं?"

"ठेकेदाराचं."

"मुकादम कोण आहे?"

तिनं काडीनं दाखवलं. शेवटच्या झाडाखाली एक माणूस कुशीवर झोपला होता. डोक्याखाली वीट, तोंड उघडं. केस पूर्ण पिकले होते आणि समोरचे दोन दात गेले होते. मी जवळ गेलो. उकंडाजीच होते.

"उठवू नका," बाई मागून म्हणाली.

"मी ओळखीचा आहे त्यांच्या."

"असान. चार वाजेतो कोनाले उठवत नाई आमी. त्याईलेबी नाई. त्याईनंच तसं सांगतलं हाये, सायेब आला तरी उठवाचं नाई."

"मी साहेब नाही."

"मंग तं नाईच," ती म्हणाली आणि पुन्हा पत्रावळ टोचायला लागली.

मी तिथं उभा राहिलो. त्यांचा श्वास संथ चालला होता. घशाजवळची कातडी वर-खाली होत होती. उन्हाचा एक पट्टा सरकत त्यांच्या पावलांवर आला होता. बाईच्या ते लक्षात आलं. ती उठली, एक रिकामं पोतं तिनं खालच्या फांदीला अडकवलं, आणि ऊन पावलांवरून हटलं. ते हलले नाहीत. वरून ड्रायव्हरनं हॉर्न दिला. कंडक्टर डबा घेऊन पुढे निघाला होता.

"काई निरोप सांगू काय?" बाईनं विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

वर चढताना मला हलकं वाटलं की जड, ते तेव्हाही समजलं नाही, आताही सांगता येणार नाही. मी मागच्या सीटवर खिडकीशी बसलो. गाडी सुरू झाली. वळण येईपर्यंत मला तो बांध आणि ती झाडं दिसत होती. झाडांखाली कोणी उठलं नव्हतं.